विश्लेषण : आजोबांची राजदूत ‘व्हिंटेज’ करावी का? ५० वर्षे जुन्या गाड्यांचा नियम काय सांगतो?

मेहकर, चिखली, खामगाव, देऊळगाव राजा... बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या गावांत चार वाडे फिरले, की एखाद्या पडवीत नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली गाडी दिसतेच. कुठे राजदूत, कुठे बुलेट, कुठे जावा, तर एखाद्या घरी कापडाचे छत फाटलेली जीप. काही गाड्या वर्षानुवर्षे जागच्या हललेल्या नाहीत, तर काही अजूनही दोन किकमध्ये सुरू होतात आणि शेतात जाऊन येतात. अशा गाडीचे फोटो मोबाइलवर टाकले, की खाली हमखास सल्ला येतो : ‘व्हिंटेज करून घ्या, मग कुणी हात लावत नाही.’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. व्हिंटेज नोंदणीमुळे जुन्या गाडीला कायद्याने मान मिळतो हे खरे, पण त्या बदल्यात तिचा रोजचा रस्ता बंद होतो.

‘व्हिंटेज’ नेमके कोणत्या गाडीला म्हणतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी नवे नियम घातले. नियम ८१-ए आणि त्यापुढचे हे नियम आहेत. त्याआधी आपल्याकडे जुन्या गाड्यांसाठी देशभर लागू असलेली वेगळी नोंदणी नव्हती. १९५५ची फियाट असो की २००५ची मारुती, दोघींना एकच माप होते.

नव्या नियमानुसार पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. परदेशातून आणलेली गाडीही यात येते. ही ५० वर्षे मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. २०२६ साल धरले तर १९७६ किंवा त्याआधी नोंदलेल्या गाड्याच पात्र ठरतात. म्हणजे साठच्या दशकातली राजदूत, म्हैसूरला बनलेली जावा, मद्रासची बुलेट, लॅम्ब्रेटा हे सगळे हिशेबात बसतात. बजाजची चेतक १९७२ची, त्यामुळे तिची अगदी सुरुवातीची काही वर्षेच बसतात. लुनाचेही तेच. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडिलांनी १९७०ला पैसे भरले होते, असे कुणी सांगेल. पण स्कूटर हातात येऊन नोंदणी १९७८ला झाली असेल, तर ५० वर्षे १९७८पासूनच मोजली जातील.

शेतीच्या जिल्ह्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरचे काय? ट्रॅक्टर या नियमात नाही. नियम दुचाकीच्या एल-१, एल-२ आणि प्रवासी मोटारीच्या एम-१ या वर्गांपुरताच आहे. त्यामुळे तीनचाकी टेम्पो, मालवाहू गाडी, ट्रक, बस यांनाही हे दार बंद आहे. खरे तर विदर्भातल्या खेड्याचा इतिहास मोटारीपेक्षा ट्रॅक्टर आणि टेम्पोनेच जास्त वाहिला. त्यांना या यादीत जागा मिळाली असती तर बरे झाले असते.

डिझेल इंजिन बसवलेली जीप चालेल का?

इथेच बहुतेकांची अडचण होते. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी नियमाची अट आहे.

आपल्याकडच्या जुन्या जीपचा प्रवास आठवून पाहा. मूळची गाडी पेट्रोलची. पेट्रोल परवडेना म्हणून कधीतरी तिच्यात दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन बसले. मग माणसे जास्त मावावीत म्हणून मागचा भाग वाढवला. पत्रा गंजला तेव्हा स्थानिक मिस्त्रीकडून नवी बॉडी बांधून घेतली. अशी गाडी रस्त्यावर कितीही देखणी दिसली, तरी व्हिंटेजच्या व्याख्येत बसणे अवघड. अॅम्बेसेडरमध्ये बसवलेले दुसरे इंजिन किंवा गॅस किट यांनाही हीच शंका लागू होते.

बोअर करून नवा पिस्टन टाकणे, क्लच प्लेट बदलणे, रंग देणे ही नेहमीची दुरुस्ती आहे. पण इंजिनच दुसरे असेल तर इंजिन नंबर बदलतो, आणि तपासणीत पहिल्यांदा नजर जाते ती तिथेच. म्हणून कुठल्याही अर्जाच्या आधी करायचे काम सोपे आहे. आरसी हातात घ्यावी, चासी आणि इंजिनवर साचलेले ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसावे आणि दोन्ही नंबर अक्षर अन् अक्षर ताडून पाहावेत. इंजिन बदलताना तेव्हा आरटीओत नोंद केली नसेल, तर व्हिंटेजच काय, साधे नूतनीकरणही अडते.

नोंदणीची पद्धत काय, पैसे किती?

अर्ज परिवहन पोर्टलवर नमुना २० मध्ये करायचा. सोबत विम्याची पॉलिसी आणि शुल्क. भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी जुनी आरसी, तर बाहेरून आणलेल्या गाडीसाठी सीमाशुल्काचे ‘बिल ऑफ एन्ट्री’. सगळे नीट असेल तर नोंदणी अधिकाऱ्याने ६० दिवसांत नमुना २३-ए मध्ये प्रमाणपत्र द्यायचे असते. पहिल्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नंतरच्या पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे.

नंबर प्लेटबाबत मात्र नियम उदार आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. आजच्या एमएच-२८ मालिकेच्या आधीचा, म्हणजे जिल्ह्याचा आकडा नसलेला जुना नंबर ज्यांच्या गाडीवर आहे, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. कित्येक घरांत गाडीपेक्षा तो नंबरच जास्त लक्षात राहिलेला असतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला राज्याचे अक्षर, मग ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे असा नंबर मिळतो. त्यात जिल्ह्याचा २८ येत नाही.

मग गाडी चालवायची कधी?

सल्ला देणारे नेमके हेच सांगायचे विसरतात. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी नेहमीच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल-दुरुस्ती आणि अशा कार्यक्रमाला जाणे-येणे, एवढ्याचसाठी ती चालवायची.

याचा अर्थ, सकाळी राजदूतवर दुधाची कॅन टांगून डेअरीला जायचे नाही. खामगावच्या बाजारात भाजी आणायला जायचे नाही. गुरुवारी शेगावला दर्शनाला जायचे, तेही यादीत नाही.

आणि लग्नाची वरात? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. फुलांनी सजवलेली जुनी मोटार भाड्याने देणे हा आता बऱ्याच शहरांत धंदा झाला आहे. भाडे घेतले की तो व्यावसायिक वापर झाला, आणि व्हिंटेज नोंदणीत त्याला स्पष्ट मनाई आहे. घरच्याच मुलाच्या लग्नात, एक रुपयाही न घेता गाडी काढली तर? नियमातल्या यादीत लग्नाचा उल्लेख नाही. गावच्या शोभायात्रेतली गाडी ‘प्रदर्शन’ म्हणून चालून जाईल, असे कुणी म्हणेलही. पण तो अर्थ चौकातल्या पोलिसाला पटवून देण्याची वेळ मालकावर येईल. नियम करताना दिल्ली-मुंबईच्या रॅली डोळ्यांपुढे होत्या, खेड्यातली गाडी नव्हती, हे यादी वाचताना जाणवते.

रॅलीला जाणाऱ्याने निमंत्रणाचे पत्र किंवा नोंदणीची पावती आरसीसोबत गाडीत ठेवावी. नियमात तसे कुठे म्हटलेले नाही, पण रस्त्यात कुणी अडवले तर गाडी का बाहेर काढली, हे दाखवायला हातात काहीतरी हवे.

साध्या नूतनीकरणात काय फरक पडतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. नंतर गाडी दाखवून, तपासून घेऊन, दर पाच वर्षांनी ती वाढवता येते. ती किती वेळा वाढवावी याला मर्यादा नाही. म्हणजे ५५ वर्षांची राजदूत आजही साध्या नोंदणीवर रोज रस्त्यावर धावू शकते. अट एवढीच, की ती तपासणीत पास झाली पाहिजे.

या नूतनीकरणाचे दर केंद्राने आधी एप्रिल २०२२ पासून वाढवले. मग ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढवले. आता दुचाकीला २,००० रुपये आणि मोटारीला १०,००० रुपये. आयात केलेल्या दुचाकीला २०,०००, तर आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

दहा वर्षांचा हिशेब मांडू. देशी दुचाकीला साध्या मार्गाने दोन वेळचे मिळून ४,००० रुपये अधिक पर्यावरण कर, आणि ती रोज चालवता येते. तीच व्हिंटेज केली तर २०,००० रुपये, आणि ती रोज चालवता येत नाही. देशी मोटारीला दोन्हीकडे शुल्क सारखेच, २०,००० रुपये. आयात गाडीचे चित्र मात्र उलटे आहे : साध्या मार्गाने चारचाकीला १,६०,००० रुपये, व्हिंटेजला २०,०००. थोडक्यात, परदेशी बनावटीची जुनी मोटार किंवा मोटारसायकल ज्यांच्याकडे आहे, त्यांनी व्हिंटेजचा विचार नक्की करावा. राजदूत, जावा, बुलेटवाल्यांना पैशाच्या हिशेबात त्यात काही मिळत नाही. त्यांना मिळतो तो मान, आणि दर पाच वर्षांनी तपासणीला न जाण्याची मोकळीक.

तपासणीचीही एक गंमत आहे. मलकापूर किंवा मोताळ्याकडची पन्नाशीची गाडी बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात न्यायची म्हणजे राजूर घाट चढवायचा. घाट न थांबता चढली, तर अर्धी तपासणी तिथेच झाली म्हणायची. पण नोंदणीची मुदत संपलेली गाडी अशी चालवत नेऊ नये. ती टेम्पोत टाकून न्यावी. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचा कॅम्प लागतो, तिथे हे काम होईल का, हे आधी विचारून घ्यावे.

पीयूसीची भीतीही थोडी जास्तच आहे. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के, म्हणजे नव्या गाड्यांपेक्षा बरीच सैल आहे. कार्ब्युरेटर नीट बसवलेला असेल आणि पेट्रोलमध्ये ऑइल मापातच घातले असेल, तर टू-स्ट्रोक गाडीही पास होते.

आरसी अजून आजोबांच्याच नावावर असेल तर?

बहुतेक घरांत खरा गुंता हाच आहे. गाडी आजोबांनी घेतली, वडिलांनी चालवली, नातवाने चमकावली; कागद मात्र आजोबांच्या नावावरच राहिला. कधी आरसी बुकाचे पान वाळवीने खाल्लेले असते, तर कधी ते बुकच सापडत नाही.

कायद्याप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये नाव बदलाचा अर्ज करायचा असतो. मृत्यूला २० वर्षे झाली असतील तरी रस्ता तोच : मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, इतर वारसांची हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र, विमा आणि आरसी. आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांकडे नोंद करून नमुना २६ मध्ये दुय्यम प्रत मागावी लागते. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयात नोंदलेली असेल तर तिथली ना-हरकत लागते. विदर्भ-मराठवाडा-खानदेशच्या सीमेवरच्या या जिल्ह्यात जालना, जळगाव, अकोल्याच्या गाड्या काही कमी नाहीत.

शिवाय एक नवी अडचण. आता सगळे अर्ज ऑनलाइन होतात, पण १९६०-७० मधल्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत आहेत. गाडीचा नंबर परिवहन पोर्टलवर टाकला आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असे आले, तर गाडी बोगस आहे असा अर्थ होत नाही. तिची नोंद संगणकावर चढलेली नाही, एवढेच. कार्यालयात अर्ज देऊन जुन्या रजिस्टरवरून ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत व्हिंटेज, नूतनीकरण, नाव बदल, यातले काहीच पुढे सरकत नाही. मूळ आरसी, जुन्या विम्याच्या पावत्या, कर भरल्याची टोकन असे जे जे पेटीत असेल ते रद्दीत न टाकता घेऊन जावे.

नूतनीकरणाला उशीर झाला असेल तर उशिराच्या महिन्यांचे जादा शुल्कही लागते. अनेक वर्षे बंद पडलेल्या गाडीचा हा आकडा मोठा होऊ शकतो. म्हणून रंगकामावर आणि क्रोमवर हजारो रुपये घालवण्याआधी कार्यालयात जाऊन एकूण देणे किती निघते, ते विचारावे. अनेक जण नेमके उलटे करतात : आधी गाडी नव्यासारखी करतात आणि मग कागद शोधायला लागतात. कागद मिळाला नाही, तर हाती उरते ती अंगणात उभी करायची शोभेची वस्तू.

नोंदणी नसताना, किंवा मुदत संपलेली असताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. विमा नसेल तर त्याचा वेगळा दंड. पण दंडापेक्षा मोठा धोका अपघाताचा. गाडी कुणाला लागली, कुणी जखमी झाले आणि गाडीला विमाच नसला, तर भरपाईचा बोजा थेट मालकावर येतो. अशा वेळी शेताचा सातबारा गहाण पडायला वेळ लागत नाही.

‘१५ वर्षे झाली की गाडी भंगारात’ हे खरे का?

बुलढाण्यात नाही. १० वर्षांवरचे डिझेल आणि १५ वर्षांवरचे पेट्रोल वाहन बंद, हा वाद दिल्ली आणि भोवतीच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी आपोआप संपते, तो नियम सरकारी मालकीच्या गाड्यांसाठी. खासगी गाडी तपासणीत पास होत असेल तर ती कुणी जबरदस्तीने भंगारात घालू शकत नाही. या भीतीपोटी पाच-सात हजारांत जुनी बुलेट देऊन टाकणारे आहेत, आणि तीच गाडी पुण्या-मुंबईत अनेक पटींनी विकणारेही आहेत.

इतर देशांत काय पद्धत आहे?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्नच्या भागात, ‘क्लब परमिट’ची पद्धत आहे. गाडी २५ वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मालक मान्यताप्राप्त क्लबचा सभासद हवा. वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचा परवाना मिळतो आणि सोबत एक वही. गाडी बाहेर काढण्याआधी त्या दिवसाची नोंद वहीत करायची. त्या दिवशी गाडी रॅलीलाच नेली पाहिजे असे नाही, बाजारात नेली तरी चालते. वहीत नोंद नसेल तर मात्र ती विनानोंदणीची गाडी ठरते.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर माफ आहे आणि मोठा फेरबदल झालेला नसेल तर दरवर्षीची तपासणीही. जर्मनीत ३० वर्षांवरच्या, चांगल्या स्थितीतल्या गाडीच्या नंबरापुढे ‘एच’ लागतो.

या देशांनी दिवस मोजले, किंवा करात सूट दिली. आपण कामे मोजली : हे काम चालेल, ते चालणार नाही. आपल्या नियमात क्लबच्या सभासदत्वाची अट नाही, ही मोठी सोय आहे, कारण अशा अटीपायी लोणार किंवा सिंदखेड राजाच्या माणसाला मुंबईतल्या क्लबकडे खेटे घालावे लागले असते. पण वर्षातले ठरावीक दिवस मोकळे ठेवणारी वही आपल्याकडे असती, तर आजोबांची गाडी पोळ्याला, दसऱ्याला आणि नातवाच्या लग्नाला उजळ माथ्याने बाहेर काढता आली असती.

रॅलीला जायचे ठरले तर कोणत्या रस्त्याने?

जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. मेहकर आणि सिंदखेड राजाजवळून त्यावर चढता येते. पण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, मग ती नवी असो की व्हिंटेज. नागपूरच्या कार्यक्रमाला जावा किंवा बुलेट न्यायची असेल तर खामगाव, अकोला, अमरावतीचा जुना रस्ताच धरावा लागेल. मोटार समृद्धीवर जाऊ शकते. पण तिथे बाकीच्या गाड्या ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेने धावतात आणि १९६५ची फियाट ६०च्या पुढे गेली की थरथरते. ब्रेक ड्रमचे, मागचे दिवे मिणमिणते, सीट बेल्ट नाहीत. अशा गाडीनेही जुनाच रस्ता धरावा आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा. लांबचा पल्ला असेल तर सरळ ट्रकवर चढवून न्यावी. रॅलीला येणाऱ्या अनेक नावाजलेल्या गाड्याही तशाच येतात.